सात ते अकरा: पालिकेचा आदेश धंदा करणाऱ्यानं कसा वाचायचा



२० एप्रिल २०२१ चा राज्य सरकारचा एक आदेश आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना त्यातली एकच ओळ आठवत असेल. किराणा, भाजी, फळं, डेअरी, बेकरी, चिकन-मटण-मासळी, सगळी दुकानं सकाळी ७ ते ११. टीव्हीवर तेवढंच, व्हॉट्सअॅपवर तेवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजायच्या आधीच दुकानांसमोर पिशव्या घेऊन रांगा.

त्या ओळीला लागूनच पुढची ओळ होती. याच दुकानांना घरपोच माल देण्यासाठी सकाळी ७ ते रात्री ८ अशी वेळ दिलेली होती, आणि या वेळा बदलायचा अधिकार स्थानिक प्रशासनाला होता. म्हणजे काउंटरला ४ तास आणि घरपोचला १३ तास. माझ्या ओळखीतल्या किती दुकानदारांनी अकरा वाजता शटर ओढलं आणि "आता संपलं" म्हणून घरी जाऊन झोपले, ते मी पाहिलंय. त्याच गल्लीत एखादा पोरगा मोपेडवर दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून दुपारभर फिरत होता. तो काही फार हुशार होता अशातला भाग नाही. त्यानं कागद शेवटपर्यंत वाचला होता, एवढंच.

आज हा विषय घ्यायचं कारण सांगतो. नवीन उद्योजकांच्या बॅचमध्ये मी विचारतो, "तुमच्या पालिकेची वेबसाइट शेवटची कधी उघडलीत?" उत्तर येतं, घरपट्टी भरायला. किंवा येतच नाही. आणि मग कोणी तरी म्हणतंच, "सर, कोरोना गेला आता, जुनं कशाला उगाळायचं?" अहो, कोरोना गेला, पण माल अडकायची कारणं गेली का? जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आठवतंय ना? जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पाणी उकळून प्या, ताजं शिजवलेलं खा, अशा सूचना आल्या. त्या भागात पाणीपुरी, ज्यूस किंवा पाण्याचे जार विकणाऱ्याला ती सूचना कुणी वेगळी पाठवली नव्हती. ती रहिवाशांसाठी होती. पण धंदा कुणाचा थांबला?

माझं मत असं आहे की पालिका रहिवाशांना जे सांगते, ते छोट्या धंदेवाल्यानं आधी वाचलं पाहिजे, आणि रहिवाशापेक्षा जास्त बारकाईनं वाचलं पाहिजे. गिऱ्हाईक कधी बाहेर पडणार, कुठपर्यंत येणार, काय आणायला येणार, कशाला घाबरणार, हे सगळं त्या दोन पानांत लिहिलेलं असतं. एरवी हीच माहिती मिळवायला तुम्ही मार्केट सर्व्हे करता.

आता हिशोब करू. वही घ्या.

समजा तुमचं किराणा दुकान आहे. एरवी १४ तास उघडं असतं आणि दिवसाला २०० गिऱ्हाइकं येतात. माल काढणं, वजन करणं, बिल, सुट्टे पैसे, असे एका माणसामागे ३ मिनिटं धरा. आता दुकान फक्त ४ तास उघडं, म्हणजे २४० मिनिटं. एका काउंटरवर ८० गिऱ्हाइकं होतील. उरलेल्या १२० जणांचं काय? ती रांगेत भांडतील, नाही तर दुसरीकडे जातील, आणि दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

तेच दुकान, तोच आदेश, पण तुम्ही आदल्या रात्री यादी मागवलीत. २०० पैकी १०० जणांना सांगितलं की तुमचा माल दुपारनंतर पोचवतो, सकाळी येऊच नका. उरले १००. त्यातल्या ४० जणांच्या पिशव्या रात्रीच बांधून ठेवल्या. त्यांना एक-एक मिनिट, म्हणजे ४० मिनिटं. ६० जण नेहमीसारखे काउंटरवर, ३ मिनिटांप्रमाणे १८० मिनिटं. झाली २२० मिनिटं. अकराला शटर ओढताना २० मिनिटं हातात आहेत. दुपारी १२ ते रात्री ८ हे ८ तास १०० घरांना. हे अवघड वाटतं, पण सोसायट्या एकत्र केल्या की तेवढं वाटत नाही. एका गेटवर १५ पिशव्या उतरतात.

यात नवीन माणूस घेतला नाही, अॅप बनवलं नाही, कर्ज काढलं नाही. लागलं काय? एक वही आणि रात्री नऊपर्यंत फोन उचलायची तयारी.

वहीत काय लिहायचं, तेही सांगतो, कारण इथेच लोक कमी पडतात. नाव, फ्लॅट नंबर आणि यादी तर सगळेच लिहितात. त्याच्या पुढे अजून एक रकाना काढा: "नसेल तर काय चालेल?" माल अडकतो तेव्हा हाच रकाना कामाला येतो. शेंगदाणा तेल आलं नाही, सूर्यफूल चालेल का? अमुक ब्रँडचा आटा नाही, गहू दळून देऊ का? हे एकदा विचारून ठेवलंत की रोज पन्नास फोन वाचतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की या माणसाला माझं घर माहीत आहे.

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत घरपोच मालाबद्दल अजून एक बारीक गोष्ट होती. एकापेक्षा जास्त कुटुंबं राहतात अशा इमारतीत डिलिव्हरी देणाऱ्यानं प्रवेशद्वारापर्यंतच जावं, आणि तिथून वर माल नेण्याचं काम इमारतीच्या ठरलेल्या माणसानं करावं, अशी अपेक्षा होती. एखाद्या सोसायटीत ५ पेक्षा जास्त रुग्ण निघाले तर ती सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, गेटवर तसा बोर्ड. आता हे वाचून रहिवासी म्हणतो, "काय कटकट आहे." तुम्ही काय म्हणायचं? तुम्ही म्हणायचं, वॉचमनशी ओळख हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीचा नंबर हवा. पिशवीवर फ्लॅट नंबर मोठ्या मार्करनं लिहिलेला हवा, नाही तर चौथ्या मजल्याचं दूध सातव्या मजल्यावर जाणार आणि शिव्या तुम्हाला पडणार. पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या एका ताईंनी त्या वेळी झाकणावर रंगीत टेप लावायला सुरुवात केली. तिखट जेवणाऱ्यांना लाल, कमी तिखटाला हिरवी, मधुमेहवाल्यांना निळी. वॉचमनला वाचायची गरजच नाही. ती टेप आजही चालू आहे.

आता कागद कुठला वाचायचा, हा प्रश्न. त्या काळात एका शहरात एका वेळी तीन-तीन कागद लागू असायचे. वर राज्य सरकारचा आदेश, मुख्य सचिवांच्या सहीनं, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांच्या आधारे. (हा दुसरा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला. सव्वाशे वर्षांनी तोच कागद पुन्हा आपल्या दारावर!) त्याच्याखाली महापालिका आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, आणि पोलिसांचा जमावबंदीचा आदेश वेगळा. तेव्हा ते कलम १४४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६३ आहे. राज्याचा कागद चौकट सांगतो आणि पालिकेचा कागद तुमच्या रस्त्याचं सांगतो. म्हणून मी म्हणतो, टीव्हीवर राज्याचं ऐका, पण शटर उघडायच्या आधी पालिकेचं वाचा.

जून २०२० चं उदाहरण घ्या. "मिशन बिगीन अगेन" म्हणून ५ जूनपासून दुकानं उघडायला परवानगी मिळाली, पण एक दिवस रस्त्याच्या या बाजूची आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूची. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद, माल बदलून देणं बंद. याचा अर्थ लावा. ब्लाउज, ड्रेस, लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या बाईला यातून काय कळायला हवं होतं? की यापुढे माप चुकलं तर माल गेला. ज्यांनी प्रत्येक साइजची इंचात मापं लिहून फोटोसोबत पाठवली, त्यांना घरबसल्या ऑर्डर मिळाल्या. बाकीचे "समोरच्याचा आज दिवस, आपला उद्या" म्हणत ओट्यावर बसून राहिले.

एवढं सगळं बोललो म्हणून पालिकेच्या सूचना परिपूर्ण असतात असं समजू नका. त्यात एक मोठी खोट असते, आणि ती खोट तुम्ही पाहिली पाहिजे, कारण तिथे तुमची गरज आहे.

पुण्यात जुलै २०२० मध्ये दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन झाला. १० जुलैला जाहीर झालं, १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून लागू. पहिले पाच दिवस किराणाही बंद, दूध आणि औषधं तेवढी चालू. लोकांना हातात मिळाले तीन दिवस. मग काय झालं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. जी गर्दी टाळायची होती, तीच गर्दी आधी करून झाली.

"घाबरू नका, साठा करू नका" असं एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे पाच दिवस किराणा बंद म्हणायचं, यात माणूस साठा करणारच. आणि साठा करणार कोण? ज्याच्या खात्यात पगार आहे, घरात फ्रिज आहे आणि डबे ठेवायला फडताळ आहे तो. आपल्याकडे अशी घरं हजारो आहेत जिथे तेल ३० रुपयांचं येतं, साखर पाव किलो येते, चहापत्तीची पुडी रोजची येते. त्या घरातल्या बाईला "आठवड्याचं सामान भरून ठेवा" ही सूचना म्हणजे चेष्टा आहे. तिच्याकडे आठवड्याचे पैसे आजच्या आज नसतात. सूचना लिहिणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांसमोर ती नसते. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र ती रोज उभी असते, काउंटरच्या पलीकडे.

म्हणून बंदची बातमी आली की मोठे पॅक पुढे लावून "ऑफर"चा बोर्ड लिहिणाऱ्या दुकानदाराचं मला नवल वाटतं. तुमच्या वस्तीत रोजंदारीवाले जास्त असतील, तर त्या दोन दिवसांत बसून पाव-पाव किलोच्या पुड्या बांधा. डाळ, तांदूळ, साखर, मीठ, चहा. एका घराला पाच दिवस पुरेल एवढं एका पिशवीत, आणि किंमत आधीच लिहिलेली. निम्मे पैसे आत्ता, निम्मे नंतर, असं वहीवर मांडा. उधारी बुडेल ही भीती खरी आहे. थोडी बुडतेही. पण कुणाला किती द्यायची हे तुम्हाला जितकं कळतं, तितकं कुठल्याही बँकेला कळत नाही. सगळ्यांना सरसकट उधार देऊ नका आणि सगळ्यांची सरसकट बंदही करू नका.

इथे एका गोष्टीवर माझं मत थोडं कडक आहे, रागवायचं तर रागवा. २०२० मध्ये आमच्याच क्षेत्रातले बरेच ट्रेनर "संकटात संधी" म्हणून ओरडत होते, आणि त्यांनी पोरांना सॅनिटायझर-मास्कच्या एजन्सी घ्यायला लावल्या. सरकारनं १३ मार्च २०२० लाच मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले होते. २१ मार्चला भावही बांधून दिले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, सॅनिटायझर २०० मिलिलिटरला १०० रुपये. जीवनावश्यक वस्तू कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कागदावर असताना २५ रुपयांना मास्क विकायचा प्लॅन ज्यानं शिकवला, त्यानं शिकणाऱ्याला खड्ड्यात घातलं. कायदा बाजूला ठेवा. पुढे पुरवठा वाढला, भाव उतरले आणि महाग घेतलेले कॅन घरात पडून राहिले. त्या कॅनचे फोटो दाखवून "सर, हे कुठे खपवू?" विचारणारी पोरं मला भेटलेली आहेत. टंचाईवर उभा केलेला धंदा टंचाई संपेपर्यंतच चालतो, आणि ती कधी संपणार हे तुमच्या हातात नसतं.

आदेशांचं आयुष्यही लहान असतं, हे पण धरून चाला. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांना रंगीत स्टिकर लावायला सांगितले. वैद्यकीय सेवेला लाल, भाजी-किराणा-दुधाला हिरवा, इतर अत्यावश्यक कामाला पिवळा. आठवडाभरात ती पद्धत मागे घेतली. समजा कुणी हजार-दोन हजार स्टिकर छापून विकायला बसला असता तर? आदेश बघून पद्धत बदला, वेळ बदला, रांग बदला. भांडवल अडकवू नका. पैसे टाकायचेच असतील तर अशा गोष्टीत टाका जी आदेश उठल्यावरही वापरात राहील. जास्तीचा एक वजनकाटा घ्या. सायकलला मागे मोठी क्रेट लावून घ्या.

पुरवठ्याचंही तसंच. ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर वाशीचा एपीएमसी बाजार बंद होता. ज्यांचा सगळा माल एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून यायचा, त्यांच्या हातात काही नव्हतं. त्याच काळात शेतकऱ्यांचे गट थेट सोसायट्यांच्या गेटवर भाजीच्या पेट्या उतरवत होते. तुम्ही भाजीवाले असाल तर अशा एखाद्या गटाशी आज ओळख करून ठेवा, महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडून माल घ्या. दोन रुपये महाग पडेल कदाचित. पण नेहमीचा रस्ता बंद होईल त्या दिवशी नवीन माणसाला कोणी माल देत नाही. देतो तो जुन्या गिऱ्हाइकाला.

आता कागदांचं, कारण ऐन वेळी नाक्यावर तुम्हाला अडवलं जातं तेव्हा तोंडी सांगून भागत नाही. घरून जेवण, लोणची, मसाले विकणाऱ्यांना त्या काळात वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरेशी होती, शुल्क वर्षाला १०० रुपये. हा कागद ज्या ताईंकडे होता, त्यांना आपण खाद्यपदार्थांचा व्यवसाय करतो हे दाखवता आलं. ज्यांच्याकडे नव्हता, त्या पोलिसांना डबे उघडून दाखवत होत्या. फेरीवाल्यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली, पहिल्या टप्प्यात १० हजार रुपयांचं खेळतं भांडवल. मिळणार कुणाला? ज्याच्याकडे विक्रीचं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे, किंवा पालिकेच्या सर्वेक्षणात नाव आहे त्याला. नाव सुटलं असेल तर पालिकेचं शिफारसपत्र. वीस-वीस वर्षं एकाच कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या माणसाला "तू फेरीवाला आहेस" हे पालिकेकडून लिहून आणावं लागलं. ज्यांचं नाव आधीच यादीत होतं, त्यांची ही धावपळ वाचली. पालिकेपासून लांब राहिलेलं बरं, असं आपल्याकडे शिकवतात. कारणं मला माहीत आहेत, उगाच भोळेपणा नको. पण नाव यादीत नसल्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती नेमकी हातात पैसा नसतो तेव्हा मोजावी लागते.

तर या आठवड्यासाठी काम. तुमच्या महापालिकेची, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची सूचना कुठे लागते ते शोधा. वेबसाइट असेल, वॉर्ड ऑफिसचा बोर्ड असेल, गावात तर चावडीवर किंवा दवंडीलाही असेल. तिथली अलीकडची एक सूचना घ्या, पाणीकपातीची असो की रस्ता बंदची, आणि तिच्याखाली दोन ओळी लिहा: यामुळे माझं गिऱ्हाईक काय वेगळं करेल, आणि मी उद्या सकाळी काय वेगळं करणार. "गुरुवारी पाणी येणार नाही" या सूचनेवर एका मेसवाल्यानं लिहिलं होतं: बुधवारी रात्री कणीक मळून ठेवणार, गुरुवारी भांडी कमी लागतील असा मेनू, पुलाव आणि कढी. आणि सकाळी आठच्या आत बाजूच्या दोन हॉस्टेलना मेसेज की गुरुवारी आमच्याकडे जेवण चालू आहे.

त्या गुरुवारी त्याचे नेहमीपेक्षा ३५ डबे जास्त गेले. सोसायटी ऑर्डरच्या वहीचे रकाने कसे आखायचे, ते पुढच्या व्हिडिओमध्ये प्रत्यक्ष आखून दाखवतो.